सोळा पिक्सेलचा जासूद

सकाळी ६.४५

चहा होण्याआधी काल रात्रीचं काम मोबाइलवर उघडते. कॉम्प्युटरवर काढताना चित्र सोळापट मोठं केलेलं असतं, त्यामुळे तिथे सगळंच बरं दिसतं. मोबाइलवर ते नखाएवढं होतं आणि माणूस खरोखर पळतोय की नुसतेच पाय हलवतोय, हे लगेच कळतं. आमच्या गेमचा नायक जासूद आहे. मराठेशाहीतला, पत्रं घेऊन या गडावरून त्या गडावर पायी धावणारा. सोळा पिक्सेल उंच, सोळा पिक्सेल रुंद. पळण्याची सहा चित्रं. तिसऱ्या चित्रात गुडघा एक पिक्सेल पुढे आहे, म्हणून चौथ्यात पाऊल टेकतं तेव्हा अंगाचं वजन पडल्यासारखं वाटतं. जमलंय. आज याला हात लावायचा नाही.

८.३०

साताऱ्यातल्या घराची मागची खोली हे माझं ऑफिस. टेबलावर एक नेहमीचा मॉनिटर आणि त्याच्या शेजारी चौदा इंची, पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून आणलाय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढं धूड कशाला ठेवलंयस?

कारण जुने गेम याच काचेसाठी काढलेले होते. पिक्चर ट्यूबवर पिक्सेल म्हणजे काटेकोर चौकोन नसतो. त्याचा उजेड शेजारच्या ठिपक्यात थोडा सांडतो, दोन आडव्या ओळींच्या मध्ये बारीक काळी फट राहते. चित्रकारांना हे ठाऊक होतं आणि ते त्याचा हिशेब धरून काढायचे. सेगाच्या १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधले धबधबे बघा. ते उभ्या पट्ट्यांनी काढलेत: एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. त्या मशीनला अर्धपारदर्शक रंग सहजासहजी दाखवता येत नसे. पण साध्या व्हिडिओ वायरीतून चित्र टीव्हीवर पोचेपर्यंत त्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाण्याआडचा देखावा दिसायला लागायचा. तोच गेम आजच्या मॉनिटरवर लावला की धबधब्याच्या जागी उभ्या काड्या दिसतात. म्हणजे ज्या पाण्याची आठवण लोक मनात बाळगून आहेत, ते कॅसेटमध्ये अर्धंच होतं. उरलेलं अर्धं टीव्हीने काढलं होतं.

म्हणून मी प्रत्येक रंगछटा दोन्ही पडद्यांवर बघते. खेळणाऱ्याकडे ट्यूबचा टीव्ही नसणार. तेव्हा त्या काचेने जे फुकटात दिलं होतं, ते मला आता हाताने रंगवून द्यावं लागतं. गुळगुळीत चित्रावर वरून आडव्या रेघांचा फिल्टर टाकायचा आणि त्याला ‘रेट्रो’ म्हणायचं, ही पळवाट मला मान्य नाही. चित्र काढताना काच डोळ्यांसमोर नसेल तर नंतर फिल्टरने ती येत नाही.

९.३०

तिघांचा कॉल. प्रोग्रामर पुण्यात, संगीतकार ठाण्यात. आम्ही रोज पंधरा-वीस मिनिटं बोलतो आणि निम्मा वेळ एकाच प्रश्नावर जातो: जुन्या काळाचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

जुनं म्हणजे आमच्यापुरतं निन्टेंडोचं ‘फॅमिकॉम’, १९८३ सालचं जपानी मशीन. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून आलं ते याच्याच नकला. पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. हलणाऱ्या चित्राच्या तुकड्याला म्हणजे स्प्राइटला तीन रंग. आणि सगळ्यांत जाचक नियम असा, की पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट. नववा आला तर मशीन तो काढतच नसे. मग त्या काळच्या प्रोग्रामरांनी युक्ती केली. प्रत्येक फ्रेमला क्रम बदलायचा, म्हणजे या फ्रेमला हा गायब, पुढच्या फ्रेमला तो. कोणीच कायमचं नाहीसं होत नाही, पण सगळे लुकलुकतात.

आमच्या प्रोग्रामरने ही लुकलुक मुद्दाम लिहून काढली आहे. पडद्यावर फार शत्रू जमले की तशीच दिसते. “ताई, हे नसेल तर आपला गेम जुना कसा वाटेल?” असं त्याचं म्हणणं. मी विरोधात. माझ्या बाजूने ‘शॉवेल नाइट’ आहे. यॉट क्लब गेम्सचा हा २०१४ सालचा गेम जुन्या धाटणीच्या नव्या गेमांचा मानदंड मानला जातो, आणि फॅमिकॉमच्या घराण्याचे कोणते नियम पाळले, कोणते मोडले, हे त्या मंडळींनी स्वतः तपशीलवार लिहिलंय. पडदा रुंद करून ४०० बाय २४० केला, जुन्या मशीनला नव्हते असे मोजके रंग घेतले आणि लुकलुक सरळ काढून टाकली. तरी खेळणाऱ्याला तो गेम लहानपणीचाच वाटतो.

“त्यांचं त्यांना. आपण लोकांना विचारू,” संगीतकार म्हणाले. आज संध्याकाळी दोघे जण खेळायला येणार आहेत, तेव्हा ठरवायचं. दुसरी एक तक्रार यादीत आहे: जासूदाने वाटेतली मोहोर उचलली की पार्श्वसंगीतातली तुतारी क्षणभर बंद पडते. ती रात्री बघू.

आमचा पडदा ३२० बाय १८० आहे. ‘सेलेस्ट’ या गेमनेही हाच घेतला होता. त्याला बरोबर सहाने गुणलं की १९२० बाय १०८० होतो, म्हणजे नेहमीचा फुल एचडी. प्रत्येक पिक्सेल सारखाच चौकोनी राहतो. गुणाकार अपूर्णांकात गेला की काही पिक्सेल जाड होतात, काही बारीक, आणि पडदा सरकताना चित्रातून एक किळसवाणी थरथर जाते. छोट्या पिक्सेलांच्या माणसाशेजारी मोठ्या पिक्सेलांचं झाड, किंवा तिरकी वळवलेली चौकोनांची तलवार, हेही मला बघवत नाही. एक जग, एक आकार. हा नियम कोणत्या मशीनने आमच्यावर लादलेला नाही. आम्ही स्वतःहून घेतलाय, म्हणून तो जास्त कसोशीने पाळायचा.

११.००

दिवसातला उत्तम वेळ. दार बंद, फोन उलटा.

आज जासूदाच्या मुंडाशाचा शेमला. सोळा पिक्सेलांत माणूस काढायचा तर चेहऱ्याला फार तर सहा-सात पिक्सेल मिळतात. १९८१ च्या ‘डाँकी काँग’साठी शिगेरू मियामोतोंपुढे हाच पेच होता. एवढ्याशा जागेत तोंड दिसेना म्हणून मिशी दिली, केस हलते दाखवता येईनात म्हणून टोपी घातली, आणि पुढे जगभर ओळखला जाणारा मारिओ तयार झाला. मला मिशी आणि मुंडासं परंपरेनेच मिळालंय. मिशीला दोन पिक्सेल, काळे. तोंड नाही. मुंडाशाला तीन छटा: उजेडाची, मधली, सावलीची.

शेमल्याला मात्र काम आहे. जासूद काठी टेकून एकदा लांब झेप घेऊ शकतो. पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत दुसरी झेप नाही. झेप शिल्लक आहे की संपली, हे खेळणाऱ्याला कळणार कसं? कोपऱ्यात खूण ठेवली तर नजर तिकडे जाते आणि तेवढ्यात माणूस दरीत. ‘सेलेस्ट’मधल्या मॅडलिनचे केस लाल असतात आणि झेप वापरली की निळे होतात. नजर आधीच नायिकेवर असते, तिथेच उत्तर मिळतं. आमचा शेमला तसाच: झेप हाताशी असताना केशरी, संपली की पांढरा.

शेमला चार ठिपक्यांचा आहे. पहिला मुंडाशाला चिकटलेला. दुसरा पहिल्याच्या मागे एक फ्रेम उशिराने येतो, तिसरा त्याच्यामागे, चौथा आणखी मागे. जासूद थांबतो तेव्हा तो थांबून झाल्यावर शेमला येऊन खांद्यावर पडतो. एवढ्यावर कापड कापड वाटायला लागतं. खाली पडताना चौथा ठिपका वर उडायला हवा, पण मुंडाशाच्या वर गेला की तुऱ्यासारखा दिसतो. म्हणून त्याला मुंडाशाच्या माथ्याची मर्यादा घालून दिली. हे एवढं करण्यात पाऊण सकाळ जाते आणि मला त्याचं काही वाटत नाही. खेळणारा पूर्ण वेळ या चार ठिपक्यांकडेच बघणार आहे.

उरलेल्या वेळात कातळ. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सगळा मिळून ४० किलोबाइटचा होता. मोबाइलवर येणारा एखादा साधा फोटोही त्याच्या कैक पट मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकाच आकाराचं केलं, फक्त रंग बदलला: पांढरा ढग, हिरवं झुडूप. आम्हाला जागेची ददात नाही. तरीही कड्याचा कातळ आणि तटाचा दगड मी एकाच तुकड्यातून काढते. आपल्या बऱ्याच गडांवर पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगडच बांधकामाला लावलाय. कडा कुठे संपला आणि तट कुठे सुरू झाला, हे लांबून सांगता येत नाही. काटकसरीची जुनी रीत इथे सह्याद्रीच्या खरेपणाला येऊन मिळते, आणि मला हा गेम करावासा वाटला त्याचं हे एक मोठं कारण आहे.

१.३०

जेवण. वीस मिनिटं गच्चीवर, डोळे लांबच्या डोंगरावर.

२.१५

दुपारी चित्रं बाजूला ठेवून उडी. प्रोग्रामर आणि मी कॉलवर बसून एकेक आकडा बदलत खेळतो.

जुने गेम निर्दय होते, याला कारणं होती. पार्लरच्या मशीनला पुढचं नाणं हवं असायचं. घरच्या कॅसेटमध्ये गेम इतका छोटा, की अवघड केला नाही तर तासाभरात संपायचा. ‘काँट्रा’त तीनच जीव. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए ही बटणं दाबली की तीस जीव. हा गुप्त मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’च्या १९८६ सालच्या घरगुती आवृत्तीसाठी केला होता, कारण स्वतः बनवत असलेला गेम तपासताना त्यांनाच तो झेपेना.

आज ती कारणं उरलेली नाहीत. पण अवघडपणातली चव हवी आहे. इथे नव्या लोकांनी जे केलं त्याला माझा मनापासून नमस्कार. ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा दहावा भाग उडी मारता येते. गेमवाले याला कायोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवलं जातं आणि पाय टेकताच उडी लागते. डोकं छपराच्या कोपऱ्याला निसटतं लागलं तर गेम माणसाला हळूच बाजूला सरकवतो. यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात बसलाय. आणि वाटायलाच हवं, कारण लहानपणी शेकडो वेळा खेळून खेळून त्याचा हात खरोखर बसला होता. तो बसलेला हात घेऊनच तो मोठा झाला. सुरुवातीचे ते महिने आठवणीतून गळून गेलेत. नव्या गेमने त्याला त्या महिन्यांनंतरचा हात द्यायचा असतो.

आज आमच्या जासूदाला कड्यानंतर सहा फ्रेमची सवलत दिली. साठ फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे तोच दहावा भाग. आठ दिल्या तर तो हवेत चालल्यासारखा दिसतो, चार दिल्या तर गेम अंगावर खेकसतो. सहा.

मधल्या सुट्टीत प्रोग्रामर स्वतःचा एक छोटा प्रयोग दाखवतो: अंधारा वाडा, थरथरत्या भिंती. त्याच्या लहानपणी घरात पहिलं प्लेस्टेशन होतं. ते मशीन त्रिमितीतले कोपरे पूर्णांकातच मांडायचं, त्यामुळे पुढे चालताना भिंती जागच्या जागी हिसके घ्यायच्या, फरशीचं चित्र वाकायचं. आज भयकथांचे गेम करणारे कितीतरी जण हाच दोष मुद्दाम परत आणतात, आणि भीतीला तो शोभतो. भिंत भिंतीसारखी उभी राहत नाही, यापरतं भय काय? त्याला लुकलुक का हवी आहे, ते मला इथे समजलं.

४.३०

शेजारचा मुलगा शाळेतून थेट आमच्याकडे. सहावीत आहे. त्याने कॅसेट कधी पाहिलेली नाही, ट्यूबचा टीव्ही फक्त माझ्याकडे पाहिलाय. घरी मोबाइलवर तो जे गेम खेळतो त्यांत गवताची पातीन् पाती वेगळी दिसते. त्याला आठवायला काहीच नाही, आणि म्हणूनच तो मला हवा असतो.

मी मागे बसते, काही सांगत नाही. तो तिसऱ्या गडापर्यंत जातो. काटे, पडका पूल, सरकती शिळा, सगळं पहिल्या नजरेत ओळखतो. “मावशी, मोबाइलवरच्या गेममध्ये कुठे चढता येतं ते कळतच नाही. इथे दिसतंच की.” मी हे वाक्य वहीत लिहून घेते. फार शत्रू एकत्र आले आणि लुकलुक सुरू झाली तेव्हा मात्र त्याने हात थांबवून विचारलं, “हँग होतोय का?”

लोक म्हणतात, असे गेम म्हणजे चाळिशीतल्यांच्या आठवणींवर चाललेला धंदा. हा मुलगा त्याला उत्तर आहे. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, प्रोग्राम सगळं स्वतः केलं आणि २०१६ मध्ये तो गेम आला. प्रेरणा १९९६ सालच्या ‘हार्वेस्ट मून’ची. आज ‘स्टार्ड्यू’तल्या शेतात रमणाऱ्या पोरांपैकी किती तरी जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. आणि ‘सेलेस्ट’चा उगम तर याहून नवलाचा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्याचं पहिलं रूप चार दिवसांत ‘पिको-८’वर केलं. पिको-८ म्हणजे १२८ बाय १२८ पिक्सेल आणि सोळा रंगांचं मशीन, जे दुकानात कधीच मिळत नव्हतं. ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे, मर्यादांसकट कल्पनेतून घडवलेलं. तरीही पाहताक्षणी ते बालपणीचं वाटतं. तेव्हा या ओढीत साल दुय्यम असावं. थोडक्यात सांगितलेलं, नीट वाचता येणारं आणि बाकीचं आपल्या मनाने भरून घ्यायला लावणारं जग माणसाला आवडतं.

६.३०

चुलत दादा येतो. आमच्या वाड्यात पहिली टीव्ही गेमची पेटी त्याचीच, आणि अख्ख्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रिमोट कोणाच्या हातात जायचा हे तोच ठरवायचा.

मी त्याला आधी आमचा गेम देते, लुकलुक बंद करून. तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. उडी मारताना रिमोटसकट अंग उचलतो, ही त्याची जुनी सवय. दुसऱ्या गडावर खूप शत्रू येतात, सगळे स्वच्छ, स्थिर, एकही गायब होत नाही. पडदा रुंद, रंग जुन्या मशीनच्या कितीतरी पट. दादा म्हणतो, “अगदी तसाच गं. काही म्हणजे काही बदललेलं नाही.”

मग मी ट्यूबच्या टीव्हीला जुनी पेटी जोडते आणि ‘काँट्रा’ लावते. दादाचे डोळे चमकतात. पहिलं मिनिट छान जातं. मग गोळ्या आणि सैनिक एकाच ओळीत येतात आणि सगळं लुकलुकायला लागतं. अर्धी गोळी दिसत नाही, दादा मरतो. “हे असं नव्हतं,” तो म्हणतो. “कॅसेट खराब झालीय.” उठतो, कॅसेट काढतो, तिच्या तोंडात लांब फुंकर घालतो, शर्टाला पुसतो आणि पुन्हा बसवतो. फुंकरीने काही होत नाही, उलट ओलीने पिना गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यावर सांधा नीट जुळतो, एवढंच काय ते. पण मी बोलत नाही. लुकलुक अर्थातच आहे तिथेच आहे. तो पुन्हा म्हणतो, “नाही, असं नव्हतं गं.”

तो खोटं बोलत नाहीये. त्या वेळी त्याच्या डोळ्यांनी प्रत्येक गायब झालेली गोळी भरून काढली होती आणि मनाने तीच भरलेली प्रत जपून ठेवली. मला त्या प्रतीचा गेम करायचा आहे.

जाताना विचारतो, “बदकांची बंदूक आहे का?” आहे. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतलं भिंग तो उजेड पकडतं. सपाट टीव्हीवर तिचा नेम लागत नाही, तिला ट्यूबच लागते. मग तो आणखी अर्धा तास थांबतो, आणि स्वयंपाकाला उशीर होतो.

९.३०

ठाण्याहून नव्या गडाचं संगीत आलंय. फॅमिकॉमला पाच आवाज होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. ‘शॉवेल नाइट’च्या जेक कॉफमन यांनी यात कोनामीच्या व्हीआरसी-६ या जास्तीच्या चिपचे आवाज मिळवले होते, आणि ‘मेगा मॅन’च्या मूळ संगीतकार मानामी मात्सुमाए यांनीही त्या गेमला दोन चाली दिल्या. आमचे संगीतकार पाचच आवाजांत राहतात. चौकोनी लहरीवर तुतारी, दुसऱ्या चौकोनीवर तिचा पडसाद, त्रिकोणीवर संबळाचा घुमारा आणि खरखरीवर त्याची थाप. हेडफोनमध्ये तुतारी चढली तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले.

आता सकाळची तक्रार. मोहोर उचलली की तुतारीचा एक सूर गायब होतो. हे संगीतकारांनी जाणून केलंय. पाचच आवाज असल्यामुळे जुन्या मशीनवर नाण्याचा किंवा उडीचा आवाज वाजायचा असेल तर तो गाण्यातला एक आवाज तेवढ्यापुरता हिसकावून घ्यायचा. आम्हाला आज तशी गरज नाही.

मी पुन्हा पुन्हा ऐकते. तुतारी चालू आहे, मोहोर ‘टिंग’, तुतारी अर्ध्या सुरावर तुटते आणि पुढच्या सुरावर परत येते. मोहोर महाग वाटते. तिने गाण्यातून काहीतरी घेतलं, असं वाटतं. सूर न तोडता लावून बघते तर मोहोर नुसती वरून चिकटवल्यासारखी. लुकलुक दादाच्या आठवणीत नव्हती. हा तुटणारा सूर मात्र आहे. मघाशी जासूदाच्या मोहोरा गोळा करताना तो तोंडाने गाणं गुणगुणत होता आणि प्रत्येक मोहोरेला बरोबर तिथे थांबत होता.

प्रोग्रामरला लिहिते: लुकलुक काढ, सूर तुटू दे. त्याचं उत्तर लगेच येतं, “ताई, काढतो. पण सेटिंगमध्ये ठेवू का? बंदच असेल, ज्याला हवी त्याने चालू करावी.” ठेव म्हणते. तुतारीच्या तक्रारीवर ‘असंच हवं’ असा शेरा मारून ती बंद करते. उद्यासाठी दोन कामं लिहिते: बुरुजावरची घार, उडण्याची चार चित्रं, आणि रात्रीच्या लेव्हलमध्ये पांढरा शेमला चुन्याच्या भिंतीपुढे दिसतो का, ते दोन्ही पडद्यांवर तपासणे.